चाळीसची हवा

ठाण्याहून निघायच्या आधी मी गाडीच्या चारही टायरांची हवा स्वतः मोजली. चाळीस. दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेल्या कागदावर तेहतीस लिहिलंय, पण ते कागद सामान्य लोकांसाठी असतात, आपल्यासारख्या जाणकारासाठी नाहीत, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. टायर जितका टणक, तितका तो रस्त्यावर हलका पळतो आणि डिझेल कमी पितो. मी एवढ्यावर थांबलो नव्हतो. गाडीबरोबर आलेले जाड, खोल खाचांचे टायर काढून मी हायवेसाठी असतात तसले सपाट नक्षीचे टायर बसवले होते. आमच्या मॉडेलवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे जो तो आपल्या मायलेजचा फोटो टाकतो आणि गेले काही महिने पहिला नंबर माझा होता. साठी उलटलेल्या माणसाला मिरवायला काहीतरी लागतं.

चाललो होतो दांडीला, दामूकडे. माझे वडील तारापूरच्या अणुकेंद्रात नोकरीला होते, त्यामुळे माझी शाळा तिकडेच झाली. दामू दांडीच्या मच्छीमार घरातला, माझ्याच बाकावर बसणारा. मी पुढे शिकून ठाण्याला आलो, तो वडलांच्या बोटीवर गेला आणि तीसेक वर्षं त्या बोटीचा तांडेल (बोटीवरचा प्रमुख) होता. आता त्याचे गुडघे गेले. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याचा फोन आला. "औंदा बोट निलेशकडं देतोय. ये तू. दुसऱ्या कुणाला बोलावला नाय." निलेश म्हणजे त्याचा पुतण्या.

घोडबंदर संपवून महामार्गाला लागलो आणि गाडी ऐंशीवर धरली. एसी बंद, काचा बंद, ब्रेक शक्यतो नाही. मागून येणारे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते आणि मला त्यांची कीव येत होती. मनोरला चहा घेऊन पालघरकडे वळलो. वाघोबाच्या घाटात रस्ता नुकताच भिजला होता. एका वळणावर माकडाचं पिल्लू आडवं आलं, मी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी हातभर बाजूला घसरली. कठड्याच्या जरा अलीकडे थांबली. टणक टायर जमिनीला पुरता टेकत नाही, त्याचा मधला पट्टाच काय तो रस्ता धरतो, हे मला माहीत होतं. तरी मी दोष माकडाला दिला.

बोईसरला पोचलो तेव्हा कारखान्यांची पाळी सुटत होती. कामगारांच्या बसगाड्या, रिक्षा आणि सायकलींच्या गर्दीतून वाट काढत मी एका पंक्चरवाल्याकडे थांबलो, घसरण्याचं कारण हवा कमी झाली हे तर नाही ना, म्हणून. पंक्चरवाला पन्नाशीचा, उत्तरेकडून इथे येऊन राहिलेला. त्यानं मीटर लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहब, चालीस है. ज़्यादा है. जाना कहाँ है?"

"दांडी."

"रेत पर उतरना है तो और कम करो. तीस-बत्तीस यहाँ, बीच पर अठारह."

मी त्याला मायलेजचं गणित समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वॉल्वचं टोपण परत लावून दिलं. एवढ्या चांगल्या सल्ल्याकडे मी इतक्या सभ्यपणे दुर्लक्ष केलं की त्यालाही राग आला नाही.

दामूचं घर किनाऱ्याच्या अलीकडच्या आळीत, मागे चार नारळ आणि एक चिकूचं झाड. तो ओट्यावर बसून वाट पाहत होता. उठायला काठी आणि वहिनींचा हात, दोन्ही लागले. संध्याकाळभर मी त्याला गाडीच्या गोष्टी सांगितल्या. स्क्रीनवरचा आकडा दाखवला, टायर का बदलले ते सांगितलं. त्यानं मनापासून ऐकलं. त्याला यंत्राची हौस आधीपासून. मग त्याच्या बोलण्याची पाळी आली आणि त्यानं उद्याचं सांगितलं.

"आमच्या घरात तांडेल बदलतो तवा जुन्यानं नव्याचा हात धरून सुकाणूवर ठेवायचा. मग टोकावर नारळ फोडायचा. माझा हात माझ्या बापानं ठेवलेला. हे एकदाच होतं बघ, दुसऱ्यांदा नाय."

"आणि जाणार कसा तिथवर?" मी विचारलं. बोटी लांब, वाळूच्या पलीकडे उभ्या होत्या. त्याला अंगणातून रस्त्यापर्यंत जाणं जड.

"जनूचा टेम्पो बर्फ घेऊन जातो. त्याच्या बाजूला बसीन."

सकाळी वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण माझ्यापुढे ठेवलं. दामू जेवायला बसला नाही. नारळ फुटेपर्यंत तो काही खात नाही, हा त्याचा जुना नेम. मी एकट्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. दामूनं पांढरा सदरा घातला, मांडीवर शेंडीचा नारळ घेतला आणि दर थोड्या वेळानं समुद्राच्या बाजूला कान देत राहिला. भरतीचं पाणी चढत होतं. पाणी पुरेसं चढलं की बोट तरंगते, आणि तरंगली की निघावंच लागतं, नाहीतर ओहोटीत ती पुन्हा वाळूत बसते.

जनूचा टेम्पो दारात आला. टायर इतके बसलेले की मला वाटलं, चारही पंक्चर आहेत. जनू खाली उतरून म्हणाला, "चला काका."

आणि मी तोंड उघडलं. "त्या बर्फाच्या पाण्यात कशाला बसवता त्याला? माझी गाडी आहे ना. आज तांडेल एसीतून जाईल."

दामूनं माझ्याकडे पाहिलं, मग टेम्पोकडे. त्याला टेम्पोनंच जायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा तो पाहुण्याचं मन मोडू शकला नाही. "बरं," तो म्हणाला. "सुरेश नेतोय तर जाऊ."

जनूनं माझ्या टायरवर बूट आपटून पाहिला. "साहेब, हे दगड झालेत. हवा सोडा. काडीनं वॉल्व दाबायचा, मी दावतो. आमी समदे सोडतो हितं, आन वर आलो की भरतो."

"नको, मग परत जाताना मायलेज पडतं," मी म्हणालो. "गाडीत ताकद आहे. निघेल."

जनूकडे वाद घालायला वेळ नव्हता. बर्फ वितळत होता. तो पुढे गेला.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायची आहे. माझ्या डिकीत हवा भरायचा पंप होता. चाळीसची हवा चाळीसच राहावी म्हणून मी तो कायम जवळ ठेवायचो. हवा सोडून, परत येऊन भरायला फार तर अर्धा तास लागला असता. मला तेवढंही करायचं नव्हतं, कारण त्या दोन दिवसांचा आकडा मला अखंड हवा होता.

डांबर संपलं आणि वाळू लागली. वरून ओली दिसत होती, आत भुसभुशीत. शंभरेक पावलं गाडी नीट गेली. मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबला. जाणकार माणूस दाबत नाही, पण मी दाबला, आणि त्या सपाट, टणक टायरांनी स्वतःसाठी दोन खड्डे खणले. गाडी पोटावर बसली. समोर जनूच्या टेम्पोच्या चाकोऱ्या रुंद आणि उथळ, चटई ओढत नेल्यासारख्या थेट बोटीपर्यंत गेलेल्या होत्या.

मी उतरलो, गुडघ्यांवर बसून हातानं वाळू काढली, मग काडी शोधून हवा सोडायला लागलो. चार टायर, एक काडी. दामू आतून शांतपणे सांगत होता, "घाई करू नको. पाणी अजून हाय." थोड्या वेळानं तो म्हणाला, "हाय अजून." मग त्यानं मांडीवरचा नारळ उचलून मागच्या सीटवर ठेवला.

जनूनं लांबून पाहिलं होतं, पण त्याचा बर्फ बोटीवर चढत होता आणि मधल्या सखल जागेत पाणी शिरलं होतं. टेम्पो आता पलीकडच्या वाटेनंच बाहेर निघणार होता. निलेश मात्र पाण्यातून धावत आला. कमरेपर्यंत भिजलेला, धापा टाकत.

"काका, बोट हलली. चला, मी खांद्यावर घेतो तुमाला."

दामूनं मान हलवली. "खांद्यावरून? त्याला अजून वेळ हाय. सुकाणूवर हात ठेवायला तांडेल आपल्या पायानं जातो, निलेश. मी तसा नाय यायचा."

"मंग थांबतो आमी."

"पाणी थांबनार हाय का? जा. पोरं खोळंबलीत." त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि निलेशचा ओला हात आपल्या हातात घट्ट धरला. धरून दाराच्या काठावर ठेवला आणि वरून आपला हात दाबला. ते कशाच्या जागी होतं हे आम्हा तिघांनाही कळलं. निलेश खाली वाकून पाया पडला आणि परत पाण्याकडे पळत गेला. नारळ घ्यायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही, आणि दामूनंही दिला नाही.

बोट वळली. पताका लावलेली होती, तिचा रंग पिवळा होता एवढंच मला गाडीमागून दिसलं. दामू खिडकीतून पाहत राहिला. मी टायरशी बसलो होतो आणि शेवटच्या टायरातून हवा सुटत होती.

हवा अठरावर आल्यावर गाडी एका दमात बाहेर आली. एवढी सहज निघाली की मला रडू आलं. दामूनं पाठीवर हात ठेवला. "तुला काय ठाव होतं," तो म्हणाला. पण मला ठाऊक होतं. पंक्चरवाल्यानं सांगितलं होतं, जनूनं सांगितलं होतं, घाटानंही सांगितलं होतं.

घरी वहिनींनी आमची तोंडं पाहिली. पान वाढलं. दामू थोडा वेळ पानाकडे पाहत बसला, मग नुसता भात कालवून जेवला. नारळ फुटायच्या आधी जेवलेला दामू मी पहिल्यांदा पाहिला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "जेव तू." भाकरी मी तशीच पानात ठेवली.

दुपारी निघालो. डिकीतल्या पंपानं बोईसरपर्यंत जाण्यापुरती हवा भरली होती, बाकीची त्याच पंक्चरवाल्याकडे. "चालीस?" त्यानं विचारलं. "तेहतीस," मी म्हणालो. त्यानं आनंद वगैरे दाखवला नाही, भरून दिली. मी स्क्रीनवरचा आकडा शून्य केला आणि निघालो. वाघोबाच्या घाटात पुन्हा पाऊस होता. तेच वळण गाडीनं न घसरता घेतलं. वळताना मागच्या सीटखाली काहीतरी गडगडत गेलं. मला वाटलं, पंप असेल. मनोरला थांबून पाहिलं, तर दामूचा नारळ.

परत फिरावं असं वाटलं. पण कशासाठी? बोट गेली होती. नारळ पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला.

ठाण्याला पोचल्यावर स्क्रीन पाहिली. जाताना आणि येताना गाडी मी सारखीच चालवली होती. चाळीसच्या हवेवर जितकं मायलेज आलं होतं, त्यापेक्षा येताना लिटरमागे अर्धा किलोमीटर कमी. बस. ग्रुपवर तिघांनी विचारलं होतं, 'दादा, आजचा आकडा?' मी फोटो टाकला नाही.

रात्री दामूचा फोन आला. मी नारळाचं सांगितलं. "तुझ्याकडंच ऱ्हावं दे," तो म्हणाला. "निलेशला मासळी बरी लागली." मग जुन्या मित्राला काहीतरी विचारायचं म्हणून, अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, "आन गाडीनं काय दिलं रं? हवा सोडल्यानं लई पडलं का?"

"अर्धा किलोमीटर," मी म्हणालो.



"एवढंच?"