बिल्ल्यावरचं नुसतं नाव

"मॅडम, उद्यापास्नं मी येत न्हाय," असं म्हणून नरसय्याअण्णांनी गळ्यातला बिल्ला काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एचआर बघते. एचआर म्हणजे माणसं घेणं, सांभाळणं आणि रुसली तर समजूत काढणं. अण्णा आमचे जॉबर. मागांचा एक गट जॉबरच्या ताब्यात असतो. माग अडला की तो नीट करून पुन्हा चालू करून देणं हे त्याचं काम. अण्णांच्या हाताखाली शिकलेली माणसं आमच्या प्रत्येक शिफ्टमध्ये आहेत.

"झालं काय, अण्णा?"

"काल लागलेलं पोरगं लांबनं वरडतंय की, 'नरसय्या, हिकडं या!' आन् वर म्हनतंय, साहेबांचा नियमच हाय. या वयात हे ऐकायला थांबू व्हय?"

नियम खरा होता. आमचे नवे प्लांट हेड रोहित तिशीतले, मनाने चांगले. आल्या आल्या त्यांनी सर्क्युलर काढलं. आजपासून कुणी कुणाला सर, साहेब, काही म्हणायचं नाही. सगळे समान, सगळ्यांना नुसतं नाव. नवे बिल्लेही तसेच छापले. ज्या गावात चहावाला गिऱ्हाइकाला 'मालक' म्हणतो, तिथे हा उद्योग! झालं असं, की जुनी माणसं वरिष्ठांना हाकच मारेनात. काम असलं की जाऊन नुसती समोर उभी राहायची.

बिल्ला घेऊन मी रोहितच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, हे साहेब-बिहेब म्हणजे इंग्रजांनी शिकवलेली गुलामी," ते म्हणाले.

"नियमाप्रमाणे मी वंदना. आणि साहेब हा शब्द इंग्रजांच्या आधीचा. मूळ अरबी. तिथे त्याचा अर्थ सोबती, आणि धनीसुद्धा. आपण सोबती विसरलो, धनी तेवढा ठेवला."

ते हसले. "मग काढलेलाच बरा. राव, पंत, सगळंच."

"राव म्हणजे राजाच, बोलण्यात झिजून राव झालेला. आता 'काय राव' आपण कुणालाही म्हणतो. पण अण्णांचं वेगळं आहे. त्यांच्या घरच्या तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. साहेब खुर्चीबरोबर येतं आणि खुर्चीबरोबर जातं. अण्णा त्यांना माणसांनी दिलंय. तुम्ही दोन्ही एकाच कात्रीने कापलंत."

त्यांनी बिल्ला उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, "मी त्यांच्या घरी जातो. नियम नीट समजावून सांगतो."

मला रागच आला. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! तरी बरोबर गेले. अपमान होऊन अण्णा घरी बसणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

घर शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. हाक मारायच्या आधीच अण्णांच्या पत्नी दारात आल्या. "कोन पायजे?"

रोहितनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. समोर आईच्या वयाची बाई. तिच्या दारात उभं राहून तिच्या नवऱ्याचं नुसतं नाव घ्यायचं. मी मुद्दाम मागेच उभी राहिले.

"अण्णा आहेत का?" रोहित म्हणाले.

"हायत की. या, आत या."

अण्णांनी आतून ऐकलं होतं. खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बसा, साहेब."

"साहेब नको. रोहित म्हणा."

"ते आमच्यानं व्हनार न्हाय. तुमी आमाला खुशाल समान समजा. पन आमचं तोंड आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

समजावून सांगायचा नियम काही बाहेर निघाला नाही. चहा झाला. निघताना रोहितनी बिल्ला अण्णांच्या हातात दिला आणि म्हणाले, "चुकलं माझं, अण्णा." अण्णांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर आले. सर्क्युलर बदललं. कुणाला काय म्हणायचं, ते ज्याचं त्याने सांगायचं. रोहितनी स्वतःसाठी नुसतं 'रोहित' सांगितलं. सगळ्यांनी बरं म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं 'रोहितसाहेब' झालं होतं.

या नोकरीत मी एवढं शिकले. मान काढून घेतला म्हणून माणसं समान होत नाहीत, नुसती बोलायची बंद होतात.