व्याह्यांची जागा

“मग बसूनच बघा ना, आबा!” मी म्हणाले, आणि शोरूममधले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

चूक माझीच. पण आबांनी डोकं उठवलं होतं. सांगलीतल्या आमच्या शोरूमला कडेगावचे एक रिटायर्ड सुभेदार सेव्हन सीटर बघायला आले होते. बरोबर काकू, सून, आणि सल्ल्याला फलटणहून बोलावलेले सुनेचे वडील, म्हणजे हे आबा. गाडी बाहेरून छोटीच, पण आत सीटच्या तीन रांगा. शेवटच्या रांगेला आम्ही थर्ड रो म्हणतो. ती दाखवली की आबांचं एकच, “ही शीट माणसाची हाय का पिशव्यांची?” चार वेळा विचारलं!

सुनेनं मला बाजूला ओढलं. “मॅडम, व्याह्याला मागं बसवतात का कुठं? आमच्या लग्नात माझ्या आत्याला बसमध्ये मागची सीट मिळाली होती. आबा अजून ते काढतात.”

तीन महिन्यांत माझं एकही बुकिंग नव्हतं. आजचंही गेलं तर सोमवारपासून इन्शुरन्सचे फोन करायला बसवतो, असं साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं.

“बसतो की,” आबा ताठ होऊन म्हणाले. आता माघार कशी घेणार? मी लिव्हर ओढला. याला टम्बल म्हणतात. मधली सीट कोलांटी खाऊन पुढे जाते आणि मागे शिरायला वाट होते. आबा धोतर सावरत आत गेले.

टेस्ट ड्राइव्हला सुभेदार चालवायला, मी शेजारी, मधे काकू आणि सून. मिरज रोडला जाऊन आलो. मी छतातला एसी, मागचा चार्जिंग पॉइंट, सगळं सांगत होते. आबांचं हूं नाही की चूं नाही.

परत आल्यावर सगळे उतरले. मी मधली सीट दुमडली. आबा हलेनात.

“रुसलं वाटतं,” काकू पुटपुटल्या.

सुभेदारांनी टोपी काढली. “आबा, चुकलं आमचं. चला, आनी एक चक्कर मारू. तुमी फुडं बसा.”

आबा डोळे मिटून गप्प. सुनेच्या डोळ्यांत पाणी. साहेब केबिनच्या काचेतून माझ्याकडे बघतायत. मी मनातल्या मनात “नमस्कार सर, आपल्या गाडीचा इन्शुरन्स” घोकायला लागले.

“आवं, कायतरी बोला की!” काकू कळवळल्या.

आबांनी एक डोळा उघडला. “काय बोलू? फुडं बसलं की सुभेदार कारखान्याचं राजकारण काढत्यात. मधी बसलं की तुमच्या पावण्यारावळ्यांच्या गोष्टी. हितं डोस्क्यावर गार वारं आन् कुणाची कटकट न्हाई. लय दिसांनी डोळा लागला हुता. कशापायी उठवलं?”

“मंजे शीट माणसाची हाय?” सुभेदारांनी विचारलं.

“माजी हाय,” आबा म्हणाले.

बुकिंग तिथंच झालं.

डिलिव्हरीच्या दिवशी हार घातला, नारळ फोडला. सुभेदार हळूच मागे शिरायला लागले, तर आबांनी हात आडवा घातला. “ही व्याह्याची जागा हाय.”

“मग मी तुमचा कोण?” सुभेदार म्हणाले, आणि शेजारी जाऊन बसले.

काकू पहिल्यांदाच पुढे बसल्या आणि गाडी सूनबाईंनी चालवत नेली. तेव्हापासून मी थर्ड रोची लेगरूम सांगत नाही. मानाची जागा आहे म्हणते. मग तिथं कोण बसणार, ते भांडण घरचे आपसांत करतात.