शेजारच्या ऑक्सिजनवर

धानाचा दाणा अंकुरतो तेव्हा आतला स्टार्च तोडायला एक प्रथिन कामाला लागतं. त्या प्रथिनाच्या ऐन गाभ्यात ऑक्सिजनचे दोन अणू शेजारी शेजारी आहेत आणि त्यांतल्या एकावर एक हायड्रोजन बसलेला असतो. कोणत्यावर? एवढ्या प्रश्नावर मी पाच वर्षं घालवली. डाव्यावर, असं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं आणि प्रयोगशाळेत सगळ्यांशी त्यावरून भांडले. मार्गदर्शक बाई सांगायच्या, अजून कुणी पाहिलेलं नाही, जरा थांब. मी कसली थांबतेय! प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या डाव्या ऑक्सिजनवर उभं केलं.

पाहायचं तरी कसं? क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात आणि हायड्रोजनकडे असतो जेमतेम एक. न्यूट्रॉन थेट अणूच्या केंद्रकाला भिडतात, त्यांना तो सापडतो. पण त्यांना प्रथिनाचा स्फटिक चांगला मोठा लागतो. मोहरीएवढा एक वाढवायला मला सात महिने लागले. मग तो जड पाण्यात मुरवला. त्यानं हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम येतो आणि न्यूट्रॉनना ठळक दिसतो. स्फटिक परदेशातल्या न्यूट्रॉन केंद्रावर गेला आणि मी कामठ्याला घरी आले, कारण तिकडं बसून नखं खाण्यात अर्थ नव्हता.

घरी पऱ्हे टाकायची, म्हणजे धानाच्या रोपांसाठी बी पेरायची गडबड होती. बाबूजींनी भिजवलेलं बियाणं पोत्यात दडपून ठेवलं होतं. मोड आले का बघ म्हणाले, म्हणून मी हात आत घातला. आत चांगली ऊब होती.

तेवढ्यात मोबाइलवर न्यूट्रॉन केंद्रातल्या मैत्रिणीनं अणूंचा नकाशा पाठवला. डाव्या ऑक्सिजनजवळ काहीच नव्हतं. उजव्यावर एक लहानसा उंचवटा, अगदी स्पष्ट. माझं प्रकरण गेलं, हे आधी कळलं. मग सर्रकन अंगावर काटा आला. ज्याच्यावरून मी इतकी भांडले तो हायड्रोजन आज पहिल्यांदा दिसत होता, आणि माझा दुसरा हात अजून त्या पोत्यात होता. त्यातल्या दाण्यादाण्यात तो या घडीला आपलं काम करत होता. मला रडू आवरेना.

"काऊन रडून राहिली वं?" बाबूजींनी विचारलं.

"पाच वर्सं चुकीचं सांगून राहिली होती मी. तो हायड्रोजन डाव्या बाजूले नाही, उजव्या बाजूले आहे."

"या दाण्यात?"

"साऱ्याच दाण्यात, बाबूजी."

त्यांनी मोड आलेला एक दाणा तळहातावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"मंग आजवर धान तुले इचारून उगवून राहिला होता काय?"