भागुबाईंची परडी

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत यंदा नवरात्रात बातमी फिरली: दयानंदची आई दारोदार भीक मागते, सून म्हणे जेवायला घालत नाही! लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत म्हातारी उपासमारीनं अंथरुणाला खिळलीसुद्धा. साफ खोटं. मी समोरच राहते; त्या सुनेच्या, पवित्राच्या हातच्या साजूक तुपाचा वास माझ्या ओट्यापर्यंत येतो. भागुबाई मागत होत्या तो जोगवा.

माणूस तुळजापूरचं. नवरात्रातल्या मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालायची, परडी घेऊन पाच घरी जायचं, मिळालेल्या पिठाचा देवीला नैवेद्य करायचा आणि मगच तोंडात घास घालायचा. लग्नापासून हे कधी चुकलं नव्हतं. यंदा गुडघ्यांपायी मुलाकडे आल्या, पण परडी सोबत होतीच.

दयानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, हे बंगळूर आहे. पुढच्या वर्षी नेतो ना तुळजापूरला."

"तोवर देवीनं काय बाहेरून मागवून खायचं?"

गंमत बघायला मी मागोमाग निघालेच. पहिली मूठ माझी. दुसरं दार क्षितिजचं. त्यानं फोनच पुढे केला, "आजी, स्कॅनर?" पीठ हवंय म्हटल्यावर ओट्सचा डबा आणला.

"हे घोड्याला घाल. पीठ आण."

"घरात पीठच नाही, आजी."

"मग शेजारी माग."

आणि तो आयटीतला पोरगा खरंच वाटी घेऊन शेजारच्या दारात उभा राहिला! शेजारणीनं त्याची वाटी भरली, ती त्यानं परडीत ओतली; मग तिनंही मूठ घातली. तीन घरं झाली. चौथ्या घरी लगेच मिळालं. बाकीच्या दारांना कुलपं, वरचा जिना चढवेना, दिवेलागण झालेली. उरले फक्त मधुकरराव. सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त इंजिनिअर. 'दारोदार मागण्यास सक्त मनाई' ही खालची पाटी त्यांचीच.

"आई, तिथं नको गं," म्हणत मागोमाग आलेल्या दयानंदनं हात धरला. भागुबाईंनी तो सोडवला, बेल दाबली आणि खणखणीत आवाज दिला, "आई राजा उदो उदो!"

मधुकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो आजी, मुलगा चांगला कमावतोय. तुम्हाला काय कमी आहे?"

भागुबाईंनी परडी पुढे केली.

"काही कमी नाही, साहेब, म्हणून तर मूठभरच मागते. घाला लवकर, गुडघा दुखतोय."