आबांची तेलाची गुळणी

माझ्या सासऱ्यांइतका 'न्हाय' म्हणणारा माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा झाला नाही. चहा घेणार का, म्हटलं तरी आधी न्हाय, मग हात कपाकडे. पण रोज सकाळी हेच आबा तोंड भरून तिळाचं तेल धरत आणि ओट्यावर बसत. डोळ्यांना पाणी सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा दंडक. गुडघे दुखोत, झोप उडो की भावकीत भांडण लागो, आबांचं औषध एकच, "तोंडात त्याल धर." भावकीला ते खरंच लागू पडायचं, कारण भरल्या तोंडाने भांडता येत नाही. एकदा भिगवणला मासे खाल्ल्यावर त्यांनी हॉटेलाच्या दारातच त्रिफळ्याच्या काढ्याने अशा खळखळून गुळण्या केल्या, की आत येणारी दोन कुटुंबं माशांवर संशय घेऊन परत फिरली. मालकाने हात जोडले. आबा म्हणाले, "मासा झ्याक हाय. तुमी बी करा गुळण्या, दात टिकतील."

या शास्त्राचं मर्म मात्र सासूबाईंना कळलं होतं. घरातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट त्या तेलाच्या वेळीच काढत. "म्हायेरी जाऊन येऊ का दोन दिस?" "हूं." "मिक्सर घ्यायचा का?" "हूं." मी मागणी घालायला येणार होतो, तेव्हा त्यांनी आम्हाला इंदापुराहून भल्या सकाळी बोलावलं. आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून कपाळाला आठ्या घातल्या, तोच सासूबाईंनी विचारलं, "पोरगी द्यायची नव्हं?" "हूं." आबा चूळ टाकून येईपर्यंत पेढे वाटून झाले होते. माझा संसार तिळाच्या तेलावर उभा आहे.

सासूबाई गेल्या आणि आबांनी तेल सोडलं. घरात एकटेच राहत, धड जेवतही नसत. बायको दर खेपेला विनवायची, "आबा, चला की आमच्याकडं इंदापूरला." "न्हाय." परतीच्या वाटेवर ती रडायची.

परवा सकाळी निघताना तिने पुन्हा विचारलं. "न्हाय," आबा सवयीने म्हणाले. तिने पिशवी उचलली. आबा तिच्याकडे बघत राहिले, मग "थांब जरा" म्हणत आत गेले. तेलाची बाटली घेऊन आले, तोंड भरून घेतलं, ओट्यावर बसले आणि हाताने तिला खूण केली, आता विचार.

इतकी वर्षं सासूबाई यांना फसवत होत्या, असंच मी समजत होतो.

"येताय ना, आबा?" बायकोने विचारलं.

"हूं."

एरवी डोळ्यांना पाणी सुटायला बराच वेळ लागे. त्या दिवशी लगेच सुटलं.