हात वर करणारं कॉलेज

आमच्या खेळाच्या सरांइतका सज्जन आणि तितकाच वैताग आणणारा माणूस मालवणपासून सावंतवाडीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. कॉलेज एवढंसं. कबड्डीला सात मुली जमवायच्या म्हणजे सर वाचनालयातून एखादीला पुस्तकासकट उचलून मैदानावर आणायचे. संघाच्या टी-शर्टांचा मूळ रंग कोणता यावर आमच्यात दोन मतं होती, कारण प्रत्येक सामन्यानंतर सर ते घरी नेऊन स्वतः धुवायचे. रविवारची प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही, आणि सोमवारी आम्हाला सरावही चुकवू दिला नाही. जिमखान्यात काचेचं एक कपाट होतं. त्यात कप औषधालाही नव्हता, तरी सर रोज ते पुसायचे. वरच्या खणावर जरा जास्तच फडकं फिरायचं. "हो मोठ्या कपाचो," म्हणायचे.

पण सरांचं खरं वेड निराळंच. चढाई करताना 'कबड्डी कबड्डी' मध्येच तुटलं, म्हणजे दम सुटला, तर पंचांना कळो न कळो, आपणच हात वर करून बाद व्हायचं! "पंचाक कान दोनच. तुझो दम तुकाच ठावक," हे त्यांचं शास्त्र. आम्ही मैदानात उतरलो की प्रेक्षक ओरडायचे, "हातवाल्यो इल्यो रे!" सवय इतकी हाडीमाशी खिळली की आमच्यातल्या एकीनं परीक्षेतही हात वर करून सांगितलं, "सर, मी बाजूच्या पेपरात बघितलंय."

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्ही चक्क कणकवलीला अंतिम सामन्यात पोचलो. कप गुंडाळायला सर घरून टॉवेल घेऊन आले. म्हटलं, "सर, आधी जिंकू तरी द्या!" तर म्हणाले, "नि एसटीत कप चेपलो तर?"

गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझी. एकीला शिवून मी परत आले, पंचांनी गुण दिला, मुलींनी मला उचललं. पण रेषा हातभर राहिली असताना माझा दम सुटला होता. कुणालाच कळलं नव्हतं. सर टॉवेल उलगडून उभे होते बिचारे. आणि माझा मेला हात वर गेला! गुण समोरच्या संघाला मिळाला, आम्ही हरलो.

सर धावत आले. "अगो, आजचो दिवस तरी..." एवढं बोलले आणि त्यांनी जीभ चावली. मग तोच टॉवेल माझ्या हातात दिला, डोळे पुसायला. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा.

त्यानंतर सर बाजारात भेटोत की लग्नात, पहिला प्रश्न ठरलेला. "गो, दम खरोच सुटलो होतो मां?"

"सुटलो होतो, सर."

"मगे बरा केलंस," म्हणायचे, आणि उगाच चष्मा पुसत बसायचे.

परवा सावंतवाडीला तळ्याकाठी भेटले. थकलेत आता. काजूवर बोलले, गुडघ्यांवर बोलले, आणि तो प्रश्न न विचारताच निघाले. मला काही चैन पडेना. मागून धावत गेले आणि मीच म्हटलं, "सर, सुटलो होतो हां."

सर थांबले. "माका ठावक आसा गो. माका तेवाच आयकाक इलेला," म्हणाले. "पण त्या दिवशी माझो हात वर जावक नाय."

आणि भर रस्त्यात त्यांनी हात वर केला. समोरची रिक्षा येऊन थांबली.