खालच्या थरातला कोळसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. कितीदा ओठांवर आलं — आणि मी दुसरंच काहीतरी बोलले.

तेव्हा आम्ही लश्कर शहरातल्या दाना ओलीत राहायचो. इंदरगंजजवळच्या एका सरकारी कार्यालयात मी हंगामी नोकरीत होते. उत्खननात निघालेली खापरं धुवायची, चिठ्ठ्या लावायच्या, नमुने सांभाळायचे. आमचे प्रमुख दिघेसाहेब. कार्यालयात बाई म्हणून मी एकटीच. कुणी पाहुणा आला की साहेब आधी माझी ओळख करून देत.

चंबळेकाठच्या एका टेकाडावर त्यांनी चार हिवाळे खोदकाम केलं होतं. तिथली सगळ्यांत खालची वस्ती लोक समजतात त्याहून कितीतरी शतकं जुनी आहे, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय? खालच्या थरातल्या चुलीचा कोळसा. झाड मेलं की त्याच्यातला एका जातीचा कार्बन ठरल्या गतीनं घटत जातो. उरलेला मोजला की वय कळतं. ते यंत्र तेव्हा परदेशात. कोळसा तिकडे पाठवायचा होता.

आणि नेमकं तेव्हाच आमचं मध्य भारत राज्य मोडलं. राजधानी भोपाळला गेली. कपाटं उतरवली जात होती, हंगामी लोकांपैकी कुणाला ठेवायचं याची यादी बनत होती. साहेब भोपाळला गेलेले. पार्सल मला करायचं होतं.

बरणी जिन्यात माझ्या हातून पडली.

निम्मा कोळसा पायऱ्यांच्या फटींत, धुळीत गेला. उरलेला पुरणार नव्हता. साहेबांना तार करता आली असती — पण यादीतलं माझं नाव? फळीवर वरच्या थरातल्या कोळशाची बरणी होती. दोन्ही काळेच. मी त्यातला काढून मिसळला, नव्या बरणीत भरला, आणि चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं — खालचा थर.

उत्तर यायला वर्ष लागलं. वय फार कमी निघालं होतं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला खोलीत बोलावलं. आवाज चढला नव्हता.

"सुमनबाई, कोळसा तोच होता ना? दुसरं काही मिसळलं नाही ना?"

सांगायची वेळ हीच होती, नाही का? त्यांनी दार उघडून धरलं होतं.

"तोच होता, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. आपला दावा चुकला असं त्यांनी स्वतः छापून कळवलं — कुणी मागितलं नसताना. भोपाळची मोठी जागा दुसऱ्याला मिळाली. साहेब लश्करातच राहिले, मुलांच्या शिकवण्या घेत. नोकरी सोडण्याआधी त्यांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं: नमुन्यांच्या बाबतीत या बाईंवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. त्या पत्रावर मी कायम झाले.

साहेब वारले तेव्हा मी भोपाळला होते. गेले नाही. रजा मिळाली असती.

पुढे काही वर्षांनी त्याच टेकाडावर पुन्हा खोदकाम झालं. आता यंत्र देशातच होतं. खालचा थर साहेब म्हणाले होते तितकाच जुना निघाला. कार्यालयात पेढे वाटले. नव्या अधिकाऱ्याला मी साहेबांच्या हाताखाली होते हे माहीत होतं. त्यानं सहज विचारलं, "मैडम, दिघेजी से इतनी बड़ी चूक कैसे हो गई?"

तेव्हा तर कसली भीती होती? नोकरी पक्की, साहेब नाहीत, जाणारं काहीच नव्हतं. खरं बोलले असते तर निदान त्यांचं नाव धुतलं गेलं असतं.

मी म्हणाले, "घाई केली असेल त्यांनी."

आणि पेढा खाल्ला.